रायगडची माती, बाक दांगचे खुंट

तो मेसेज तुम्हालाही आलाच असेल. अमेरिकेसारख्या महासत्तेला चिमुकल्या व्हिएतनामनं हरवलं. युद्ध संपल्यावर पत्रकारांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना विचारलं, हे जमलं कसं? ते म्हणाले, आम्ही एका हिंदुस्थानी राजाचं चरित्र वाचलं आणि त्याची युद्धनीती वापरली. राजाचं नाव छत्रपती शिवाजी महाराज. उत्तरार्ध याहून भारी आहे. व्हिएतनामच्या परराष्ट्रमंत्री भारतात येतात, त्यांना दिल्लीतली ठरलेली ठिकाणं दाखवली जातात, आणि त्या विचारतात, महाराजांची समाधी कुठे आहे? मग त्या रायगडावर जातात आणि मूठभर माती बॅगेत घालून मायदेशी नेतात. एका पाठात तर त्या राष्ट्राध्यक्षांच्या समाधीवर ‘शिवाजी महाराजांचा एक मावळा’ असं कोरलेलंही आहे.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना १९ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात हा किस्सा मी माइकवरून सांगितला होता. मातीच्या जागी आवाज थोडा खाली आणला, मग एकदम चढवला. टाळ्या पडल्या. तो व्हिडिओ पप्पांच्या फोनमध्ये अजून आहे. त्यामुळे या लेखात मी कुणाला हसत असेन, तर आधी त्या माइकवाल्याला.

मागच्या डिसेंबरात ऑफिसातले आम्ही चौघं व्हिएतनामला गेलो. कारण काही थोर नव्हतं. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, व्हिसा ऑनलाइन मिळतो आणि तिथं रुपयाला जरा किंमत येते. निघताना पप्पा म्हणाले, “ती समाधी बघून ये. फोटो काढ.” बीड जिल्ह्यातल्या गावातून ते वाळूजच्या एमआयडीसीत आले, एका छोट्या कंपनीत पार्ट बनवत आयुष्य काढलं आणि बजाजनगरात घर केलं. देशाबाहेर कधी गेले नाहीत. त्यांच्यासाठी व्हिएतनाम म्हणजे तो मेसेज.

हनोईत पहिल्या तासाला दिसतात त्या दुचाक्या. बजाजनगर वसलं तेच दुचाकीच्या कारखान्यामुळे, त्यामुळे मला वाटायचं आपल्याला दुचाक्यांचं काय कौतुक! पण तिथं पूर्ण रस्ता म्हणजे एक सलग वाहणारी गोष्ट असते. एकाच गाडीवर नवरा-बायको, दोन पोरं, कुंडीतलं संत्र्याचं झाड. रस्ता ओलांडायची रीत अशी की थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीनं चालत राहायचं. गाड्या आपल्याभोवतून वाट काढतात. मी सवयीनं कंपनीचं नाव शोधत होतो. बहुतेक होंडा. तिथं एकेकाळी दुचाकीला सरळ ‘होंडा’च म्हणायचे, जसं आपल्याकडे कुठल्याही टूथपेस्टला कोलगेट.

जुन्या हनोईला छत्तीस गल्ल्यांचं शहर म्हणतात. गल्लीचं नाव मालावरून: हांग बाक म्हणजे चांदीची, हांग मा म्हणजे कागदी वस्तूंची. आपल्या संभाजीनगरच्या बावन्न पुऱ्यांची आठवण झाली. फरक एवढाच की आपले पुरे सरदारांच्या नावाचे, जयसिंगपुरा मिर्झाराजांचा, करणपुरा बिकानेरच्या करणसिंहाचा. छावणीचं शहर आणि बाजाराचं शहर यातला हा फरक असावा. फुटपाथवर गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून फो खायचं, कंडेन्स्ड मिल्कमधली जाड कॉफी प्यायची आणि पाठीला पाठ लावून अख्खं शहर तेच करतंय हे बघायचं.

या गल्ल्या संपतात तिथं एक तळं आहे, होआन किएम. नावाचा अर्थ ‘परत केलेली तलवार’. गोष्ट अशी सांगतात: चीनच्या मिंग सम्राटाचं राज्य उलथवायला निघालेल्या ले लोय याला एक दैवी तलवार मिळाली. मिंग फौजा गेल्या, तो राजा झाला, आणि एके दिवशी तळ्यात नौकेतून फिरताना सोनेरी कासव वर आलं. म्हणालं, काम झालं, तलवार परत दे. त्यानं दिली. मी काठावर बसून विचार करत होतो की भवानी तलवारीची आपली गोष्ट सुरू होते अगदी अशीच, संपते मात्र निराळी. आपण ती परत मागत असतो. १९८० साली बॅरिस्टर अंतुल्यांनी लंडनहून तलवार आणायची घोषणा केली होती, २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्यात आली तीही तीन वर्षांच्या बोलीवर. ज्याचं बरंच काही दुसऱ्यांच्या संग्रहालयात आहे, त्याला परत करण्याची गोष्ट सुचणं अवघडच.

ले लोय मात्र दंतकथेतला नाही. १४१८ मध्ये लाम सन नावाच्या डोंगराळ भागात त्यानं बंड पुकारलं. सुरुवातीची काही वर्षं रानात लपणं, उपासमार, माघार, पुन्हा छापा. १४२७ च्या अखेरीस मिंग सेनापतीनं तह मागितला. तेव्हा ले लोय आणि त्याचा सल्लागार न्गुएन त्राई यांनी हरलेल्या सैन्याला बोटी, घोडे आणि शिधा देऊन घरी पाठवलं. सूड घेतला तर चीन पुन्हा येईल, हा हिशोब. पुढच्या वर्षी तो गादीवर बसला. शिवरायांच्या जन्माआधी दोनशे वर्षं.

पप्पांनी सांगितलेल्या समाधीलाही गेलो. बा दिन्ह चौकातली हो ची मिन्ह यांची समाधी सकाळीच उघडी असते. लांब रांग, गप्प माणसं, फोटो बंद. १९४५ च्या २ सप्टेंबरला याच चौकात त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली होती. आपलं दहन व्हावं आणि राख डोंगरांवर ठेवावी अशी त्यांची इच्छा होती, ती कुणी पाळली नाही. आत काचेच्या पेटीत ते झोपल्यासारखे दिसतात. बाहेर दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत कोरलंय: अध्यक्ष हो ची मिन्ह. बस. मावळा कुठेच नाही.

तिथं उभ्याउभ्या एक साधा हिशोब डोक्यात आला, जो माइकवर बोलताना यायला हवा होता. हो ची मिन्ह १९६९ मध्ये गेले. युद्ध संपलं ३० एप्रिल १९७५ ला. मग विजयानंतर मुलाखत दिली कुणी? १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष होते तोन दुक थांग, ज्यांचं नाव मेसेज लिहिणाऱ्यानं ऐकलंही नसेल. परराष्ट्रमंत्री म्हणून ज्या बाईंकडे बोट दाखवलं जातं त्या न्गुएन थी बिन्ह खऱ्या आहेत, आणि १९७३ च्या पॅरिस करारावर त्यांची सही आहे. पण मेसेजमध्ये त्यांचं नाव नाही, राष्ट्राध्यक्षाचं नाव नाही, वर्तमानपत्राचं नाव नाही, तारीख नाही. सॉफ्टवेअरमध्ये असा बग रिपोर्ट आला तर आम्ही तो उघडतही नाही.

खरे संबंध होते आणि त्यांना तारखा आहेत. फ्रेंच गेले आणि १० ऑक्टोबर १९५४ ला हनोई व्हिएत मिन्हच्या हाती आलं. आठवड्याभरात नेहरू तिथं पोहोचले होते. जिनिव्हा कराराची देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. फेब्रुवारी १९५८ मध्ये हो ची मिन्ह भारतात येऊन गेले. पण यात टाळ्यांची जागा नाही.

संध्याकाळी आमच्या गाइडला, माझ्याच वयाच्या पोराला, मी विचारलं, शिवाजी महाराजांचं नाव ऐकलंय? त्यानं स्पेलिंग विचारलं, फोनवर शोधलं, घोड्यावरचा पुतळा पाहून मान डोलावली. मग त्यानं विचारलं, “तू त्रान हुंग दाओचं नाव ऐकलंयस?” मी नाही म्हटलं. तो हसला. म्हणाला, उद्या इतिहासाच्या संग्रहालयात जा आणि लाकडं बघ.

लाकडंच आहेत ती. फ्रेंचांनी बांधलेल्या पिवळ्या इमारतीत, काळपट, एका टोकाला तासलेले ओंडके. पाहून कुणी सेल्फी काढणार नाही. बाक दांग नदीच्या गाळातून निघालेले खुंट. सन ९३८ मध्ये न्गो क्वेन या सेनापतीनं नदीच्या मुखाशी असे खुंट तिरपे रोवले, टोकांना लोखंड चढवलं. भरतीला ते पाण्याखाली जायचे. चिनी आरमार समोर येताच त्याच्या लहान नावा पळ काढल्यासारखं करत आत शिरल्या, मोठी जहाजं मागे आली. ओहोटी लागली तसं पाणी उतरलं आणि जहाजं खुंटांवर चढून अडकली. मग हल्ला.

त्रान हुंग दाओनं १२८८ मध्ये त्याच नदीत तोच डाव पुन्हा टाकला, आणि समोर होता कुबलाई खान. मंगोलांनी व्हिएतनामवर तीन स्वाऱ्या केल्या: १२५८, १२८५ आणि १२८७-८८. दरवेळी राजानं राजधानी सोडली. धान्य लपवलं, घरं रिकामी केली. शत्रू राजधानीत शिरायचा तेव्हा त्याला मोकळे वाडे मिळायचे, खायला काही नाही. तिसऱ्या स्वारीत मंगोलांची रसद घेऊन येणारा ताफा समुद्रातच बुडवला गेला. उपाशी फौज परत निघाली आणि जहाजं बाक दांगमध्ये शिरली, जिथं खुंट वाट पाहत होते.

मी ती पाटी दोनदा वाचली. रसद तोडणं, मुलूख ओसाड ठेवणं, पळाल्याचं सोंग, मुलखाची आणि पाण्याची माहिती हेच हत्यार. हे मी शाळेत शिकलोय, फक्त दुसऱ्या नावांनी. संताजी-धनाजींनी औरंगजेबाच्या छावणीचं हेच केलं. पण हे महाराजांच्या जन्माआधी ३४२ वर्षं. आणि अमेरिकेशी लढणारा सेनापती जनरल जियाप हा फौजेत येण्याआधी हनोईच्या एका शाळेत इतिहासाचा शिक्षक होता. बाक दांग त्यानं पोरांना शिकवलेलं असणार. १९५४ च्या जानेवारीत दिएन बिएन फूवर हल्ल्याची सगळी तयारी झाली असताना त्यानं ऐनवेळी हुकूम मागे घेतला, डोंगरांवरून हातांनी ओढून आणलेल्या तोफा पुन्हा मागे ओढायला लावल्या, सायकलींवरून तांदूळ आणत दीड महिना थांबला, आणि मग वेढा आवळला. फ्रेंच ७ मे रोजी शरण आले. हा धीर त्याला रायगडावरून मागवावा लागला नाही.

त्याच संग्रहालयात एक शिळा आहे. व्हो कान्ह गावची, न्या त्रांग शहराजवळ सापडलेली. ब्राह्मी वळणाची अक्षरं, भाषा संस्कृत. आग्नेय आशियातला हा सर्वांत जुना संस्कृत लेख मानतात. काळ दुसरं शतक की चौथं यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. सगळ्यांचे फोन बाहेर आले. मित्र म्हणाला, “बघ, आपलंच होतं सगळं.” मला वाटलं, चला, एक मेसेज गेला, दुसरा तयार झाला.

पुढे हुएहून दा नांगला रेल्वेनं गेलो. ही गाडी चुकवू नका. हाय व्हान म्हणजे समुद्र-ढग. त्या घाटात एका बाजूला जंगलाचा कडा, दुसऱ्या बाजूला थेट खाली निळा समुद्र, आणि गाडी इतकी सावकाश की बोगद्यातून बाहेर येताना लाटा मोजता याव्यात. कसाऱ्याचा घाट समुद्रावर नेऊन ठेवला तर असं काही दिसेल. हा डोंगर एके काळी सरहद्द होता. उत्तरेला दाय व्हिएत, म्हणजे व्हिएतनामी लोकांचं राज्य. दक्षिणेला चंपा, जिथले राजे भद्रवर्मन, इंद्रवर्मन, जयसिंहवर्मन अशी नावं घेत, संस्कृतात लेख कोरत आणि शंकराची देवळं बांधत.

त्यांचं मी सन हे देवस्थान डोंगरांच्या वाटीत आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजानं इथं भद्रेश्वराची स्थापना केली. पहिलं लाकडी देऊळ जळालं, मग सातव्या शतकात शंभूवर्मन राजानं ते पुन्हा उभारलं आणि देवाला नाव दिलं शंभूभद्रेश्वर. आता, संभाजीनगरच्या पोरानं ‘शंभूवर्मन’ वाचल्यावर त्याच्या डोक्यात काय यावं? खोटं सांगत नाही, दहा सेकंदांत माझा फॉरवर्ड तयार होता. इतका सोपा असतो तो.

वेरूळ घरापासून तासाभरावर असल्यामुळे लेणी-देवळांच्या बाबतीत आम्ही जरा शेफारलेले असतो. कैलास डोंगर वरून खाली कोरत काढलाय. इथं विटेवर वीट चढवत शिखरं नेलीत. विटांच्या फटीत चुना दिसत नाही, झाडाचा चिकट रस वापरला असावा असं मानतात. विटांवरच कोरीवकाम, भाजल्यानंतर. सर्वांत उंच देऊळ मात्र आज ढिगारा आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी बाँबनी ते पाडलं. आजूबाजूचे खड्डे गवतानं भरलेत. भारताच्या पुरातत्त्व विभागानं २०१७ पासून काही वर्षं इथं दुरुस्तीचं काम केलं, आणि मे २०२० मध्ये वालुकाश्माचं अखंड शिवलिंग बाहेर काढलं, तेव्हा तो फोटो आपल्या सगळ्यांच्या फोनवर आला होता. काम चांगलं झालंय. विटा जागेवर बसल्यात.

पण हे चंपा गेलं कुठे? १४७१ मध्ये दाय व्हिएतच्या फौजांनी हाय व्हान ओलांडून चंपाची राजधानी विजया जिंकली आणि उद्ध्वस्त केली. उरलंसुरलं राज्य पुढं आक्रसत गेलं आणि १८३२ मध्ये नकाशावरून पुसलं गेलं. १४७१ ची ती मोहीम काढणारा राजा ले थान्ह तोंग. ले लोयचा नातू. तळ्यात तलवार परत करणाऱ्याचा, हरलेल्या शत्रूला शिधा देणाऱ्याचा सख्खा नातू.

मी देवळाच्या सावलीत पाणी पीत होतो तेव्हा हे लक्षात आलं आणि दोन्ही मेसेज एकमेकांवर आदळले. छापे घालून बलाढ्य शत्रूला थकवणारे व्हिएतनामी जर ‘आपले’, तर शंभूभद्रेश्वराचे चाम लोक कोण? चाम अजून आहेत, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर, अल्पसंख्याक म्हणून. त्यांच्यातल्या एका गटाला ‘बालामोन’ म्हणतात. शब्द ब्राह्मणवरून आलाय. दुसरा गट, बानी, इस्लामच्या वळणाचा आहे. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर हा सगळा गनिमी काव्याचा वीर इतिहास उत्तरेकडून आलेल्या फौजेचा आहे.

आपल्याकडे याचा नमुना नाही असं नको समजायला. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात दहा वर्षं चौथाईसाठी फिरत होत्या. वेगवान घोडी, अचानक छापा, हाती लागेल ते घेऊन पसार. बंगालीत त्यांना ‘बर्गी’ म्हणतात आणि बाळाला झोपवायच्या गाण्यात ते अजून येतात, आपल्याकडे बागुलबुवा येतो तसे. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा शिपाई. आणि बारगीर हा शब्द मागे मागे नेला की तो मला हनोईहून सरळ घरी आणून सोडतो.

कारण दख्खनमध्ये हलक्या मराठा घोडदळाची छापेमारी मोगलांविरुद्ध पद्धतशीर वापरणारा पहिला मोठा सेनानी माझ्याच शहराचा संस्थापक आहे. मलिक अंबर. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेला, अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. तिथं त्याला विकत घेणाऱ्या पेशव्याचं नाव चंगीझ खान, जो स्वतःही हबशी होता. मंगोलांशी काही संबंध नाही. हाच गुलाम पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. जमिनीखालून खापराच्या नळांनी पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. जहांगीर त्याच्यावर इतका चिडून होता की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र त्यानं काढवून घेतलं. मुंडकं प्रत्यक्षात कधीच मिळालं नाही, म्हणून चित्रात.

१६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा मिळून त्याच्यावर आल्या. अंबरनं तलाव फोडला. शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल झाला, रसद आधीच तुटली होती, मग रात्रीचे छापे. त्या लढाईत त्याच्या बाजूनं शहाजीराजे होते. त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. दोन वर्षांनी अंबर वारला. आणखी चार वर्षांनी शिवनेरीवर महाराज जन्मले. बाक दांगच्या खुंटांपुढे उभा असताना मला भातवडीचा तलाव आठवायला हवा होता. आठवला नाही, कारण मला त्याची गोष्ट कुणी माइकवरून सांगितली नव्हती.

परत आल्यावर पप्पांना समाधीचा बाहेरून काढलेला फोटो दाखवला, अक्षरांचा अर्थ सांगितला. ते बराच वेळ झूम करून बघत राहिले. “मग रायगडची माती?” मी तारखा सांगितल्या. त्यांना राग आला नाही, वाईट वाटलं. म्हणाले, “म्हणजे तिकडं महाराजांचं नाव कुणाला माहीतच नाही?” मी म्हटलं, आपल्याला तरी त्यांच्या त्रान हुंग दाओचं कुठं माहीत होतं. यावर ते काही बोलले नाहीत. घरच्या ग्रुपवर मी बाक दांगबद्दल मोठा मेसेज लिहिला. दोन अंगठे आले आणि एक ‘जय शिवराय’. चौथ्या दिवशी मावसकाकांनी जुना मेसेज पुन्हा टाकला, या वेळी फुलांच्या फोटोसकट.

एका रविवारी पप्पाच म्हणाले, चल, तुझा तो अंबर दाखव. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला ते कित्येकदा चालत गेलेत, पण त्याच खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, हे सांगून टाकतो. दौलताबादच्या घाटातून गाडीवर गेलो. घुमटाजवळ शुकशुकाट होता. पप्पांनी चपला काढल्या, एक चक्कर मारली, दगडावर हात ठेवला आणि विचारलं, “हा माणूस तिकडनं इथवर आला कसा?” मी इथिओपियापासून सुरुवात केली. ते कठड्यावर बसून ऐकत होते, मधेच तलावाचं पुन्हा सांग म्हणाले.

मग त्यांनी फोन काढला, घुमटाचा फोटो घेतला, ग्रुप उघडला.

“खाली काय लिहू?”

“नाव लिहा,” मी म्हटलं. “आणि तारीख लिहा. मृत्यू १६२६.”

ते एकेक अक्षर शोधत टाइप करू लागले.